पहिल्या दिवसाची चोरी

आपल्याकडे आरंभाला फार मान आहे. दसऱ्याला मुलांच्या पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती उमटते. घराचा पाया खणताना पहिली कुदळ कोणी मारायची यावरून सख्खे भाऊ रुसतात. आणि दिवाळीच्या मुहूर्तावर नवी वही उघडणारा मुलुंडचा किराणा व्यापारी पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढून ‘शुभ’ आणि ‘लाभ’ ही दोन अक्षरे लिहितो. बुडीत खात्यांची यादी तो त्या दिवशी वाचून दाखवीत नाही, की उधारी थकवणाऱ्यांना नोटिसा बजावीत नाही. आरंभ कसा करावा याचे एवढे शहाणपण ज्या समाजाच्या अंगी मुरलेले आहे, त्याने आपल्या मुलांच्या कॉलेजचा पहिला दिवस मात्र कारकुनी कारभाराच्या हवाली करावा, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. माझी तक्रार साधी आहे. हा दिवस विद्यार्थ्याचा होता. तो चोरीला गेला आहे. आणि चोर कोणी परके नाहीत. सारी प्रतिष्ठित, सुशिक्षित, हार-तुऱ्यांची मंडळी आहेत.

या दिवसाचे स्वरूप वाचकांना ठाऊक नसेल असे नाही. अंधेरी असो, बोरिवली असो, घाटकोपर असो, प्रकार बहुधा एकच. मुलगा सकाळी नवा शर्ट घालून, नवी वही आणि रेल्वेचा नवा पास घेऊन निघतो. फाटकावरचा पहारेकरी ओळखपत्र मागतो. ते अजून मिळालेलेच नसते. मग सभागृह. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, इमारतीच्या मजल्यांचा इतिहास, पाहुण्यांना शाल आणि श्रीफळ. हे आटोपले की मुख्य कार्यक्रम सुरू होतो, तो म्हणजे नियमांचे वाचन. हजेरी पंचाहत्तर टक्के हवी. मोबाइल दिसला तर जप्त. जिन्यात घोळका करायचा नाही. इतके गुण लेखी परीक्षेला, इतके प्रकल्पाला, इतक्यात उत्तीर्ण, त्याखाली नापास. शेवटी कोणी तरी विचारते, “काही शंका?” शंका कशाची असणार! ज्या विद्येसाठी हा सारा थाट, तिचे नावदेखील अजून कोणी उच्चारलेले नसते. परीक्षेचा आराखडा कळला, दंडाची रक्कम कळली. शिकायचे काय आणि त्यात गंमत कोणती, एवढेच तेवढे राहून गेले!

सभागृहातून सुटका होऊन वर्गात जावे, तर तेथे याहून वाईट गोष्ट घडते. हजेरी घेऊन होते आणि मग प्रश्न येतो: कोणत्या बोर्डाचे? किती टक्के? कोणत्या माध्यमाचे? हात वर करा. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, असे मी धरून चालतो. परंतु ‘मराठी माध्यम’ म्हटल्यावर वर जाणारा हात खांद्यापर्यंतच जातो, आणि त्या दिवसापासून त्या हाताचा मालक मागच्या बाकावर बसू लागतो. आपल्या जेवणावळींत पूर्वी पंक्तिप्रपंच चाले. एका पंगतीला साजूक तूप आणि दुसरीला तेल. तो आपण मोडला म्हणतो. मोडला कसला! तो कॉलेजच्या वर्गात नेऊन बसवला, इतकेच.

तुम्ही म्हणाल, मास्तर, तुम्हाला हा अधिकार कोणी दिला? प्रश्न रास्त आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आता त्याला दहावी म्हणतात. मी कादंबऱ्या लिहितो आणि उपनगरातल्या एका लहानशा शाळेत लहान वर्गांना शिकवतो. कॉलेजच्या बाकावर मी एक दिवसही बसलेलो नाही. परंतु माझ्या हाताखालून गेलेली मुले दहा वर्षांनी त्या बाकांवर बसतात आणि बाजारात, फलाटावर, देवळाच्या पायरीवर भेटली की बोलतात. वाढप्याला पंगतीची जी गोष्ट दिसत नाही, ती ताटावर बसलेल्याला दिसते. “पहिल्या दिवशी काय शिकवले रे?” असे मी गेली कित्येक वर्षे प्रत्येकाला विचारीत आलो आहे. “काही नाही सर, पहिलाच दिवस होता,” हे उत्तर मला इतक्या वेळा आणि इतक्या निर्विकारपणे मिळाले आहे, की ते उत्तर हाच माझा पुरावा. पहिला दिवस होता, म्हणून काही शिकवले नाही! पहिलाच घास होता, म्हणून आईने रिकामा हात तोंडाशी नेला, असे कधी कोणी ऐकले आहे काय?

उपनगरातली कॉलेजे ज्या ईर्ष्येने उभी राहिली ती आठवली म्हणजे हे दुःख अधिक होते. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. परंतु कित्येक पिढ्या कॉलेज म्हणजे फोर्ट, धोबीतलाव, गिरगाव असेच समीकरण होते. जोगेश्वरीच्या टेकडीवर इस्माईल युसुफ कॉलेज निघाले ते १९३० साली. पार्ल्यात वाढलेले पु. ल. देशपांडे याच कॉलेजचे विद्यार्थी. १९४६ साली अंधेरीत भवन्स आले. १९५९ साली पार्ल्यात पार्ले कॉलेज निघाले, त्यालाच आज साठ्ये कॉलेज म्हणतात. १९६३ साली घाटकोपरला झुनझुनवाला कॉलेज, १९७० साली मुलुंडला वाणिज्य महाविद्यालय, १९८४ साली तेथेच वझे महाविद्यालय. रूळ जसजसे गजबजत गेले तसतशी विद्याही स्टेशनाजवळ आली. आपल्या गल्लीतल्या पोराला कॉलेजसाठी लोकलला लोंबकळत गावात जावे लागू नये, म्हणून शिक्षणप्रेमी माणसांनी झोळ्या घेऊन वर्गण्या गोळा केल्या. त्या माणसांनी दार जवळ आणून ठेवले. दारात पाऊल टाकणाऱ्याचे स्वागत कसे करायचे ते मात्र पुढच्यांनी ठरवायचे होते.

त्यात दार ओलांडणाऱ्याचे वयही उतरले. जुनी अकरावीची मॅट्रिक १९७५ च्या सुमारास संपली, दहावीनंतर दोन वर्षांचा कनिष्ठ महाविद्यालयाचा टप्पा आला, आणि १९७७ साली बारावीची पहिली परीक्षा झाली. तेव्हापासून कॉलेजच्या पायरीवर येतो तो पंधरा-सोळा वर्षांचा पोर. त्याला तेथवर यायला किती ताटकळावे लागते तेही पाहा. मुंबईत २००९ पासून अकरावीचे प्रवेश संगणकावरून होऊ लागले. २०२५ साली ही पद्धत साऱ्या राज्याला लागू झाली. त्या वर्षी दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला आणि वर्ग भरायला ऑगस्ट उजाडला. जवळजवळ तीन महिने हे मूल याद्या पाहत बसलेले. पहिली फेरी, दुसरी फेरी, पसंतीक्रम, टक्क्याचा दशांश. एवढ्या तहानेने जो आला त्याच्या ओंजळीत आपण काय ओततो? नियमावली!

मग तो जातो कोठे? तो जातो क्लासला. हे सांगायला कोणा पंडिताची गरज नाही. कोणत्याही स्टेशनाबाहेरच्या फलकांवर ते रंगीत अक्षरांत लिहिलेले आहे. विज्ञान शाखेची कित्येक मुले कॉलेजात नावापुरती उरली आणि दिवसभर क्लासमध्ये बसू लागली, तेव्हा २०१८ साली राज्य सरकारने कनिष्ठ महाविद्यालयांतल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा हुकूम काढला. म्हणजे मुलाचे मन येत नाही, तर निदान त्याचा अंगठा तरी यावा! ज्या मुलाला पहिल्याच दिवशी ‘येथे हजेरीच महत्त्वाची’ असे सांगितले गेले, त्याने ती शिकवण शब्दशः पाळली आणि हजेरीपुरताच येऊ लागला, तर रागावण्याचा हक्क कोणाला आहे?

क्लासवाल्यांची येथे एक चतुराई पाहण्याजोगी आहे. त्यांचा पहिला तास फुकट असतो. त्याला ते डेमो लेक्चर म्हणतात. त्या दिवशी ते आपला सर्वांत तेज मास्तर उभा करतात आणि नियम सांगत बसत नाहीत. थेट विषयात शिरतात. बाजाराला जे कळले ते विद्यालयाला कळू नये, ही लाजेची गोष्ट आहे. परंतु कॉलेजांनी डेमो लेक्चरची नक्कल करावी, असे मात्र मी मुळीच म्हणत नाही. डेमो लेक्चर ही शेवटी जाहिरात. त्यात मास्तर भराभर युक्त्या करतो, मुले तोंडात बोट घालतात, आणि घरी जाताना त्यांची खात्री पटलेली असते की हा माणूस अफाट हुशार आहे आणि त्याच्यावाचून आपले चालणार नाही. खऱ्या पहिल्या तासाची खूण याच्या नेमकी उलट. त्यातून बाहेर पडताना मुलाला वाटले पाहिजे, की अरे, हे मला जमते! मास्तर हुशार आहे हे कळायला वर्ष पडले आहे. मी हुशार आहे, हे कळायला मात्र पहिलाच दिवस हवा. कारण ते त्या दिवशी कळले नाही, तर पुढे कळण्याची वेळ बहुधा येत नाही.

आता दुसऱ्या टोकाचे शहाणे. नियमवाल्यांचा कंटाळा आलेले काही उत्साही लोक पहिल्या दिवशी खेळ घेतात. फुगे फुगवतात, चिठ्ठ्या काढतात, मोबाइलवर प्रश्नमंजूषा लावतात, टाळ्या वाजवायला लावतात. यातलाच सभ्य प्रकार म्हणजे ‘प्रत्येकाने उभे राहून आपली ओळख करून द्या’. थोडा हिशेब करा. वर्गात १२० मुले. प्रत्येकी अर्धा मिनिट. तास संपला! आणि त्या तासाभरात जे बडबडे होते ते अधिक बडबडे ठरले, आणि जे मूल सारा वेळ आपली पाळी येईल म्हणून तळहाताचा घाम पुसत बसले होते, त्याला शेजाऱ्याचे नावही ऐकू आले नाही. मुलाला हसवणे आणि मुलाला गुंतवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फुगा फुटला की हसू संपते. मन गुंतायला हाताशी काही काम लागते, डोक्याशी एक प्रश्न लागतो.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात लुई अ‍ॅगासी नावाचे प्राणिशास्त्राचे प्रोफेसर होते. त्यांच्याकडे सॅम्युएल स्कडर नावाचा तरुण कीटकांचा अभ्यास करायचा म्हणून आला. प्रोफेसरांनी स्पिरिटच्या बरणीतला एक मासा काढून त्याच्यापुढे ठेवला, “हा बघ, काय दिसले ते मी नंतर विचारीन,” असे सांगितले आणि ते निघून गेले. दहा मिनिटांत पोराला वाटले की पाहण्यासारखे होते ते सारे पाहून झाले. पण प्रोफेसर तासन्‌तास फिरकेनात. कंटाळून त्याने चित्र काढायला घेतले, आणि काढता काढता मासा दिसू लागला. हे पाहणे तीन दिवस चालले. पुढे हाच स्कडर फुलपाखरांचा आणि टोळांचा नामांकित अभ्यासक झाला, आणि आपल्याला मिळालेला हा सर्वांत मोलाचा धडा, असे त्याने १८७४ साली लिहून ठेवले. एक मासा आणि एक शब्द, ‘बघ’. यात फुगा कोठे आहे? नियमावली कोठे आहे?

“ते हार्वर्ड, आमच्या बोरिवलीत हे कसे व्हायचे?” असे म्हणणाऱ्यांना मी देवळालीला नेतो. नाशिकजवळच्या देवळालीत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे एक शाळामास्तर होते. पदवी बी.एस्सी.ची, त्यापुढची नाही, नोकरी शाळेत, आणि वेड आकड्यांचे. १९४९ साली त्यांना एक चमत्कारिक संख्या सापडली. पुढे १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात तिच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले. त्यांची ती गंमत फराळाचे ताट बाजूला सारून आताच करून पाहा. चार आकडी कोणतीही संख्या घ्या; चारही आकडे सारखे तेवढे नकोत. ते आकडे उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तेच. उदाहरणार्थ, मुंबई विद्यापीठाचे स्थापनावर्ष १८५७ घेऊ. ८७५१ वजा १५७८, उरले ७१७३. पुढे ७७३१ वजा १३७७, उरले ६३५४. ६५४३ वजा ३४५६, उरले ३०८७. ८७३० वजा ०३७८, उरले ८३५२. ८५३२ वजा २३५८, उरले ६१७४. आता आणखी एकदा करा: ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! गाडी येथे येऊन थांबते. पुढे स्टेशन नाही. आणि कोणत्याही संख्येने निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही येथेच येऊन पोहोचता.

अकरावीच्या विज्ञानाच्या वर्गात पहिल्या तासाला हे घेतले तर काय होईल, ते डोळ्यांसमोर आणा. ज्याने त्याने आपापली संख्या निवडली. एकाने जन्मसाल घेतले, दुसरीने आजोबांच्या चाळीचा जुना खोली नंबर आणि मजला जोडून घेतला. पहिली पाच मिनिटे कागदाची खसखस. मग एका बाकावरून “सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर!” दुसऱ्या बाकावरून “माझेही तेच!” तिसऱ्याचे वेगळे आले, त्याने शेजाऱ्याला दाखवले, हातचा चुकला होता. ओळख झाली की नाही? अर्धा मिनिट उभे न राहता झाली. वजाबाकीला ना इंग्रजी माध्यम, ना मराठी माध्यम. ना हे बोर्ड, ना ते बोर्ड. दहावीला ९५ टक्के मिळवलेली मुलगी आणि ५५ टक्के मिळवलेला मुलगा एकाच वेळी चकित झाले, आणि चकित होण्याच्या पंगतीत तूप सर्वांना सारखे वाढले गेले. आता मास्तराने फळ्यावर एकच शब्द लिहावा: ‘का?’ तीन आकडी संख्यांचे काय होते ते उद्या करून आणा, म्हणावे. (तेथे ४९५ येते, पण हे त्याने सांगू नये!) दोन आकड्यांचे का जमत नाही तेही पाहा, म्हणावे. मग त्या पोराला उद्या आणायला अंगठ्याचे यंत्र लागणार नाही. तो आपल्या प्रश्नापायी येईल.

वाणिज्याच्या मुलांचे काय? त्यांना तर या उपनगराने घरबसल्या पुस्तक लिहून ठेवले आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. मुले तेथे सहलीला जातात, डबे खातात आणि परत येतात. त्या लेण्यांतले ब्राह्मी लेख म्हणजे मोठ्या प्रमाणावर देणग्यांच्या पावत्या आहेत, हे त्यांना कोणी सांगत नाही. कल्याण, सोपारा येथले व्यापारी, सोनार, लोहार यांनी पैसे दिले. कोणी पाण्याची टाकी खोदवली, तिला तेथल्या लेखांत ‘पोढी’ म्हटले आहे. आणि कित्येकांनी ‘अक्षयनीवी’ ठेवली. अक्षयनीवी म्हणजे मुद्दल कधी मोडायचे नाही, व्याजातून भिक्षूंची वस्त्रे करायची, अशी ठेव. बँकेतली मुदत ठेव आजोबांनी शोधून काढली, असे ज्यांना वाटते त्यांनी कान्हेरीला जावे!

आकडे हवे असतील तर नाशिकच्या लेण्यांतला उषवदाताचा लेख घ्यावा. तो सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. या उषवदाताने गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे आजच्या भाषेत त्यांच्या संघांकडे, तीन हजार कार्षापण ठेवले. एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेचे व्याज वर्षाला किती? २४०. लेख म्हणतो, वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा. वीस गुणिले बारा किती? २४०! दगडावरचा हिशेब पैशापर्यंत जुळला. आता वर्गाला विचारा: राजाच्या जावयाने पैसे राजाच्या खजिन्यात न ठेवता कोष्ट्यांकडे का ठेवले? एका संघाने शेकडा एक द्यायचे कबूल केले, दुसऱ्याने पाऊणच का? मुद्दल बुडाले तर दाद कोणाकडे? पतसंस्थेत पैसे अडकलेल्या घरातली मुले त्या वर्गात बसलेली असतात. याची उत्तरे त्यांच्याकडे प्रोफेसरांहून जास्त असतील. विश्वास, व्याज, जोखीम, हिशेब हे वाणिज्याचे चारही खांब एका तासात उभे राहिले, आणि मुलाला कळले की आपण शिकतो आहोत ते कोणा परक्याचे शास्त्र नव्हे. दुकानात बापाच्या तोंडी रोज येणारे ‘जमा’, ‘नावे’, ‘खतावणी’ हे शब्द याच शास्त्राचे. इंग्रजी नावे उद्यापासून शिकावीच लागतील, आणि शिकावी. आपल्या शब्दाचा हात धरून मूल परक्या शब्दाकडे धावत जाते; तो हात सोडवून ढकलले, तर ते दारातच बसून राहते.

भूगोलाला अंधेरीचा गिल्बर्ट हिल आहे. भवन्स कॉलेजच्या परिसरातला हा सुमारे २०० फुटांचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे; लाव्हा थिजताना त्याचे उभे खांब कसे झाले, ते अजून नुसत्या डोळ्यांनी दिसते. त्याच्या पायथ्याशी उभे राहून ‘हा उभा का फाटला?’ एवढे विचारले की तास झाला. रसायनशास्त्राला पणती पुरेल. तेल जड, ते वातीने वर कसे चढते. जळते ते तेल की वात? ज्याच्या त्याच्या विषयाची अशी एक वस्तू, असा एक प्रश्न प्रत्येक प्रोफेसराच्या गाठीशी असलाच पाहिजे. नसेल, तर त्याने पगार कशाचा घेतला हे त्याचे त्याने पाहावे.

प्रतिपक्षाची बाजू मी ऐकलेली नाही, असे कोणी म्हणू नये. पहिला आक्षेप असा, की नियम सांगायलाच हवेत. जरूर हवेत. ते छापा, भिंतीवर लावा, मोबाइलवर धाडा. छापलेले वाचून दाखवायला माणूस कशाला हवा? विद्यापीठ अनुदान आयोगाने नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागतासाठी ‘दीक्षारंभ’ नावाची योजना आखून दिली आहे. मूल नव्या जागी रुळावे, शिक्षकांशी आणि सोबत्यांशी त्याचे नाते जुळावे, हा तिचा हेतू उत्तम आहे. पण दीक्षा म्हटली की मंत्र लागतो. मंत्राची जागा पोटनियमांनी घेतली, तर तिला दीक्षा कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप, पहिल्या दिवशी सारी मुले येतातच कोठे? प्रवेशाच्या फेऱ्या चालूच असतात. खरे आहे. म्हणून जी आली त्यांना उपाशी ठेवायचे? उशिरा आलेल्यासाठी पान वाढून ठेवण्याची आपली रीत आहे. आधी आलेल्याने जेवू नये अशी नाही. ६१७४ चा प्रश्न आदल्या आठवड्यात आलेला मुलगाच नव्या मुलाला घालील, आणि मास्तराहून अधिक रंगवून घालील.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आणि सर्वांत कडू. कित्येक कॉलेजांत शिकवणारा माणूस तासिका तत्त्वावर नेमलेला. तासाप्रमाणे पैसे, सुट्टीत काही नाही, सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या. ज्याला स्वतःच्या पुढच्या वर्षाचा भरवसा नाही, त्याने मुलांचे वर्ष मंगल करावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याचा जाब मी त्या बिचाऱ्या तरुणाला विचारीत नाही. तो सरकारने आणि संस्थाचालकांनी द्यायचा आहे. सभागृहाला संगमरवर लावायला पैसे आहेत, फाटकाला कमान घालायला पैसे आहेत. शिकवणाऱ्याला पुरता पगार देताना मात्र अनुदानाचे रडगाणे सुरू होते. तरीही या तरुणांपैकीच काही जण पहिल्या तासाला वर्ग जिंकून घेतात, हे मला मुलांकडून कळते. नियम वाचून दाखवणारे प्राध्यापक पुष्कळदा कायम नोकरीतले असतात, हेही कळते.

आता चार शब्द आईवडिलांना. पहिल्या दिवशी मूल घरी आले की आपण काय विचारतो? फी भरली का? तुकडी कोणती मिळाली? क्लासची वेळ जुळते का? म्हणजे चोरीत आपलाही वाटा आहेच. त्यापेक्षा एकच विचारा: “आज कोणता प्रश्न घेऊन आलीस?” उत्तर नसेल तर मुलीला बोलू नका; पालकसभेत उठून कॉलेजला विचारा. फी वाढली की आपण मोर्चा नेतो, मग रिकामा तास आपण मुकाट्याने का सोसतो?

आणि संस्थाचालकांना एवढेच सांगणे आहे, की यासाठी नवा निधी नको, समिती नको, पुढच्या जूनची वाटही पाहायला नको. पहिल्या दिवसाचे वेळापत्रक लावताना पहिला तास आपल्या सर्वांत चांगल्या शिक्षकाला द्यावा, त्याला कोणता प्रश्न घालायचा ते आधी विचारून घ्यावे, आणि पाहुण्यांना नारळ द्यायचाच असेल तर तो सुट्टीनंतर द्यावा. दिवाळीच्या सुट्टीपाठोपाठ दुसरे सत्र सुरू होते. डब्यातल्या शेवटच्या चकल्या संपायच्या आत मुले पुन्हा त्या बाकांवर बसलेली असतील, आणि पुन्हा एक पहिला तास येईल. त्या तासाला हजेरीपट थोडा वेळ मिटलेला राहू द्या.